बाबांची ड्युटी आणि दाराचं लॉक

या पानावरचे भुताखेतांचे अनुभव मी नेहमी वाचते, आणि खरं सांगायचं तर आजवर वाचून हसतच आले. कॉलेजात आम्ही अंधश्रद्धेवर पथनाट्य बसवलं होतं, त्यात भगताची खोटी जटा ओढून काढणारी मुलगी मीच होते. तेच नाटक आमच्या पाड्यावर केलं तेव्हा माझी सख्खी आत्या कित्येक महिने माझ्याशी बोलली नाही. अकलोलीच्या पुढे, डोंगराच्या अंगाला आमचा पाडा आहे. तिथली मी पहिली पदवीधर मुलगी. आश्रमशाळेतल्या बाई, होस्टेलच्या मावशी आणि सगळ्यांच्या आधी माझे बाबा, या माणसांच्या जिवावर मी बी.कॉम. झाले. कुठलीही गोष्ट आधी तपासायची, मग मानायची, हे मला याच लोकांनी शिकवलं. म्हणून आज हे लिहिताना फार संकोच वाटतो आहे. पण तपासून झालं... जेवढं येत होतं तेवढं सगळं तपासून झालं.

आम्ही भिवंडीत राहतो. जुन्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, शेडांच्या रांगेत मधल्या काही शेडा पाडून तिथे बिल्डिंगी उठल्या, त्यातल्या एकीत दुसऱ्या मजल्यावर आमचा वन बीएचके आहे. घरात तिघंच. मी, माझे मिस्टर आणि माझे बाबा. आई मी कॉलेजात असतानाच गेली. मिस्टर कोन गावाजवळच्या एका गोडाउनात फोर्कलिफ्ट चालवतात. मी दुसऱ्या गोडाउनात स्टॉकचं काम बघते.

बाबांनी सगळी उमर लूमवर काढली. पाड्यावरून तरुणपणी आले ते याच गल्लीत, आमच्या बिल्डिंगीपासून चालत जाण्याच्या अंतरावरच्या एका शेडमध्ये लागले आणि शेड बंद पडेपर्यंत तिथेच राहिले. लूमच्या खडखडाटाने कान गेले. त्यामुळे घरातसुद्धा आम्ही त्यांच्याशी निम्मं हातानेच बोलतो.

इथे मला लूमवरची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. लूम दिवसरात्र चालतात. एकाच लूमवर दिवसा एक कारीगर आणि रात्री दुसरा. हे दोघे एकमेकांचे जोडीदार. बाबांचे जोडीदार इद्रीस चाचा, उत्तर प्रदेशातले. लग्नाआधी तर दोघांची खाटसुद्धा एकच होती, एक कामावरून येऊन झोपायचा तेव्हा दुसरा उठून कामाला गेलेला असायचा. बाबा गमतीने सांगायचे, "मी त्याला कवा झोपलेला न्हाय बघितला, नि त्यानं मला." रीत अशी, की जोडीदार आल्याशिवाय चालू लूम सोडून जायचं नाही. ताप असो, घरी कोणी मेलेलं असो. आणि त्या आवाजात हाक तर ऐकू येत नाही, म्हणून येणारा माणूस मागून खांद्यावर हात ठेवायचा. हात पडला की ड्युटी सुटली. तोंडाने काही बोलायचं नाही.

शेड बंद पडली तेव्हा इद्रीस चाचा गावी निघून गेले. काही वर्षं ईदला फोन यायचा, मग तोही बंद झाला.

गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला बाबा विसरायला लागले. आधी माझं नाव, मग जेवण झालं की नाही ते. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले वयाचा आजार आहे, हळूहळू वाढणार. ते आम्ही स्वीकारलं. पण नंतर त्यांनी नवीनच सुरू केलं. संध्याकाळ झाली की रिकामा डबा पिशवीत घालायचे आणि चपला घालून ड्युटीला निघायचे. आमच्या गल्लीतून टेम्पो, ट्रक, कंटेनर सगळं जातं. बाबांना हॉर्न ऐकू येत नाही. एकदा एका टेम्पोवाल्याने अगदी टेकवून ब्रेक मारला. तो बिचारा स्वतः खाली उतरून बाबांना धरून दारापर्यंत घेऊन आला. मला म्हणाला, "दीदी, चाचा को घर में रखो ना."

घरात कसं ठेवायचं? आम्ही दोघं कामावर. आधी बाहेरून साधं कुलूप लावून बघितलं. चावी समोरच्या म्हात्रेकाकूंकडे. पण काकू बाजारात गेल्या आणि आत काही झालं तर? आग लागली, पडले तर? मग मिस्टरांनीच सुचवलं, बटणांचं लॉक लावू. म्हणजे वेळ आली तर काकूंना फोनवर कोड सांगता येईल, नंतर बदलता येईल. चावी काही फोनवरून देता येत नाही.

तीनबत्तीकडच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने आधी बोटाच्या ठशाचं लॉक काढलं. माझी बोटं त्यावर उमटेनात. खोक्यांच्या कामात माझे ठसे झिजले आहेत, गोडाउनात हजेरीच्या मशीनवरही मला रोज बोट पुसून पुसून लावावं लागतं. मग बटणांचं काढलं. मी विचारलं, "आतूनपण कोड लागतो ना?"

"अंदर से तो खाली हॅंडल घुमाने का," तो म्हणाला.

"नाही, आतूनपण बंद राहिलं पाहिजे."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग मिस्टरांकडे. "किस को बंद करना है?"

मी मान खाली घातली. मिस्टर म्हणाले, "ससुरजी हैं. भूल जाते हैं सब. रास्ते पे निकल जाते हैं."

दुकानदाराचा आवाज लगेच बदलला. म्हणाला, त्याच्या आईचंही असंच होतं. मग त्याने दोन्ही बाजूंनी बटणं असलेलं लॉक मागवून दिलं. मोबाइलमधल्या अ‍ॅपवर सगळं दिसतं. दार कधी उघडलं, कोणाच्या कोडने उघडलं, बाहेरच्या बटणांनी की आतल्या. आम्हा दोघांचे कोड वेगळे.

कोड ठरवताना मिस्टर म्हणाले, "वाढदिवस ठेवू नकोस बरं का."

"का?"

"तुझा एक जून, माझा एक जून, बाबांचा एक जून. अख्ख्या पाड्याचा एक जून. आपल्याकडे चोर आला तर त्याचापण एक जूनच असेल."

आमच्या आईबापांना जन्मतारीख ठाऊक नसायची, शाळेत नाव घालताना गुरुजी सरसकट एक जून लिहायचे, म्हणून हा विनोद. त्या दिवशी आम्ही खूप हसलो. त्यानंतर तसं हसणं झालेलं नाही. मी असा कोड ठेवला जो माझ्याशिवाय कोणालाही माहीत नव्हता, मिस्टरांनाही नाही. त्यांचा मला नाही.

लॉक बसलं. पहिले काही दिवस छान गेले. बाबा संध्याकाळी दाराशी यायचे, हॅंडल हलवून बघायचे, परत जाऊन बसायचे. मला वाईट वाटायचं, पण कामावर जीव थाऱ्यावर असायचा.

मग एक दिवस मी गोडाउनात स्कॅनर घेऊन उभी असताना म्हात्रेकाकूंचा फोन आला. "वने, तुझा बापूस जिन्यात हाय. दार सताड उघडा टाकून गेली व्हय तू?"

मी तशीच रिक्षा करून घरी आले. बाबा काकूंच्या घरात बसले होते, पिशवी मांडीवर. अ‍ॅप उघडून बघितलं. दार बाहेरच्या बटणांनी उघडलं होतं. माझ्या कोडने. आणि त्या वेळी मी लोकांसमोर गोडाउनात होते.

मिस्टरांना वाटलं मीच कुणाला तरी कोड सांगून विसरले. तसं ते बोलले नाहीत, पण त्यांच्या तोंडावर दिसलं. मी कोड बदलला. दोन दिवसांनी पुन्हा तेच, या वेळी मिस्टरांचा कोड. ते तेव्हा कोनला फोर्कलिफ्टवर होते. मग त्यांनीही आपला कोड बदलला.

मी लॉकवाल्याला, म्हणजे दुकानातून लॉक बसवायला आलेल्या मेकॅनिकला, बोलावलं. त्याने बॅटऱ्या बदलल्या, सगळं पुसून नव्याने चालू केलं. म्हणाला, "मॅडम, कोणी तरी बघतंय तुम्ही दाबताना." आम्ही हाताचा आडोसा करून दाबायला लागलो. मग तो म्हणाला पीसच खराब असेल, आणि दुसऱ्या कंपनीचं लॉक बसवून दिलं. फारच चांगला माणूस, एकदाही कटकट केली नाही. काकूंना मी जिन्याकडे लक्ष ठेवायला सांगितलं. त्यांनी स्वतःचं दार उघडं ठेवून समोरच भाजी निवडत बसायला सुरुवात केली.

तरीही दार उघडलं. काकू समोर बसलेल्या असताना.

"कोण आलं होतं काकू?"

"कोन न्हाय ग बाय. बटनं वाजली, टीप टीप करून. मी वर बघलं तं दार उघडा, नि तुझा बापूस चपला घालतंय."

"जिन्यात कोणीच नव्हतं?"

"माज्या डोल्यांना मोतीबिंदू न्हाय झाला अजून," त्या जरा चिडूनच म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "वने, एकदा पाड्यावर जाऊन ये. इचार कोनाला तरी."

मी त्यांना म्हटलं, काकू, मी असलं मानत नाही. त्या म्हणाल्या, "तू नको मानू. दार मानतंय का बघ."

त्या दिवशी मी पहिल्यांदा बाबांना नीट विचारलं. त्यांच्या समोर बसून, तोंड दिसेल असं. "बाबा, दार कोण उघडतं?"

ते माझ्याकडे असं बघत राहिले की जणू मी फारच साधी गोष्ट विचारली. "इद्रीस."

"इद्रीस चाचा गावी गेले ना."

"न्हाय गेला. उभा हाय तो. मना बोलवाया येतो." मग माझा हात धरून, अगदी काकुळतीने, "वने, त्याचं पाय सुजलं हायती. मना जाऊ दे. मी गेलो न्हाय तं तो लूम सोडून कसा जाईल?"

माझं नाव त्यांना कितीतरी दिवसांनी आठवलं होतं. त्याचा आनंद मानू की रडू, मला कळेना.

पावसाळा नुकताच संपला होता. मी गुरुवारी रजा घेतली. ठरवलं होतं, स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. मिस्टरांनीही अर्धा दिवस काढला. संध्याकाळ व्हायच्या आधी मी बाबांना खुर्चीवर बसवलं, त्यांचा हात हातात धरला. मिस्टर दाराला पाठ टेकून उभे राहिले. दिवेलागण झाली. खालून टेम्पोंचे आवाज येत होते, काकूंच्या घरात टीव्ही चालू होता.

बाहेरून बटणं वाजायला लागली.

घाई नव्हती त्यात. एक, मग थोडं थांबून दुसरं... अक्षर न येणारा माणूस बोटाने शोधत शोधत दाबतो तसं. मिस्टरांनी दाराच्या भिंगातून बाहेर बघितलं. वळून माझ्याकडे बघितलं आणि नुसती मान हलवली. बाहेर कोणीच नव्हतं. समोर काकूंचं उघडं दार दिसत होतं, बाकी रिकामा पॅसेज. आणि बटणं वाजतच होती. शेवटचं वाजलं, आत मोटर फिरली. मिस्टर चांगले दणकट आहेत, पोती उचलणारे. ते पाठ टेकून उभे असताना दार त्यांना घेऊन आत आलं. ढकललं असं नाही. नुसतं उघडलं, जसं त्यांना वजनच नव्हतं.

बाबांनी माझ्या हातातून हात सोडवून घेतला आणि उठले.

आता इथे मी जे केलं त्याबद्दल मी रोज विचार करते. मिस्टर म्हणाले, "धर त्यांना." मी धरलंही. पण बाबा माझ्याकडे बघून इतकं शांत हसले की मला वाटलं, जाऊ दे. एकदा जाऊन ती रिकामी शेड बघू दे. बघितली की समाधान होईल, मग थांबतील. आम्ही दोघं सोबत आहोतच. डॉक्टरही म्हणाले होते, फार अडवत जाऊ नका. मी म्हटलं, "अहो, जाऊ द्या एकदा. आपण जाऊ बरोबर."

त्या शेडमध्ये आता पुठ्ठ्याच्या रद्दीचं काम चालतं. एक माणूस गठ्ठे बांधत होता. मी त्याला हात जोडून म्हटलं, वडील इथे काम करायचे, जरा आत बघू द्या.

"देख लो दीदी, इस में क्या. पुट्ठा है खाली," तो म्हणाला.

बाबा आत गेले. गठ्ठ्यांच्या मधून, न अडखळता, घरात चालावं तसे. शेडच्या मागच्या भिंतीजवळ थांबले. हात पुढे केला आणि हवेत, आपल्या खांद्यापेक्षा थोडा खाली, टेकवला. इद्रीस चाचा ठेंगणे होते, लहानपणी मी त्यांना बघितलं आहे. हात तसाच काही वेळ तिथे राहिला. मग त्यांनी मान हलवली, एक पाऊल पुढे गेले आणि उभे राहिले. दोन्ही हात चालू झाले. अंगठा आणि बोटं... तार, म्हणजे सुताचा धागा, तुटली की लूमवाले गाठ मारतात, तशी गाठ. हवेत. एक झाली की दुसरी.

एवढ्यात तो गठ्ठे बांधणारा माणूस बाजूला सरकला. मधली वाट अरुंद होती, समोरून कोणी येत असेल तर आपण जसा पाय मागे घेऊन जागा देतो, तसा. मग तो स्वतःच गोंधळून वाटेकडे बघत राहिला. मला म्हणाला, "आप लोग कितने जन आए थे?" मी पुढे होऊन बाबांचा दंड धरला.

बाबांना आम्ही घरी आणलं. आले, अडवणूक केली नाही. पण खुर्चीवर बसवलं तर उठले. खाटेवर आडवं केलं तर उठले. खिडकीजवळ जाऊन उभे राहिले आणि हात चालू झाले.

तेव्हापासून बाबा उभे आहेत.

दार त्यानंतर एकदाही आपोआप उघडलं नाही. बाबा बाहेर जायला बघत नाहीत. ज्यासाठी लॉक आणलं होतं ते सगळं मिळालं. पण ते बसत नाहीत. घास भरवला तर उभ्याने खातात, नजर हातांवर. झोपेच्या गोळीने पाय ढिले पडतात तेव्हा आम्ही दोघं त्यांना धरून खाली निजवतो, पण गोळीचा अंमल उतरला की उठून पुन्हा खिडकीजवळ. झोपेतही बोटं गाठ मारत असतात. पाय सुजून गुडघ्यापर्यंत चकाकायला लागले आहेत. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. तेही म्हणाले, या आजारात जुनी कामाची सवय परत येते, असं होतं कधी कधी. सगळे चांगलं वागले. कोणालाच त्यांना बसवता आलं नाही.

शेडच्या जुन्या मुकादमाकडून मी इद्रीस चाचांचा गावचा नंबर मिळवला. फोन त्यांच्या मुलाने घेतला. मी भिवंडीहून बोलते, काशिनाथची मुलगी, असं सांगितलं.

"काशी चाचा की बेटी?"

"हो... हां. चाचा कैसे हैं?"

"अब्बा नहीं रहे बहन."

मी विचारलं, काय झालं होतं.

"दिमाग चला गया था. पूरी बरसात खड़े रहे. कहते थे काशी आया नहीं, लूम किस के भरोसे छोड़ूँ. हम लोग पकड़ के लिटाते, फिर उठ जाते. पैर देखे नहीं जाते थे उन के." मग तो म्हणाला, "फिर एक शाम ख़ुद ही चारपाई पे बैठ गए. अम्मी से बोले, आ गया. पानी पिया, लेटे, और फिर उठे ही नहीं."

"कौन सी शाम?"

"जुमेरात थी. कौन सी, अब क्या याद. बारिश थम चुकी थी." जुमेरात म्हणजे गुरुवार. मग त्याने विचारलं, "काशी चाचा ठीक हैं ना?"

मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार?

मिस्टर म्हणतात, दोन म्हातारी माणसं, आयुष्यभर एकच काम, आजारही एकच. दोघांनी एकसारखं वागणं यात नवल नाही. असेलही. मीही स्वतःला हेच सांगते. पण त्याच मिस्टरांनी, हा फोन झाल्यावर, एक दिवस इद्रीस चाचांसारखी लुंगी नेसली, डोक्याला रुमाल बांधला आणि बाबांच्या मागून जाऊन खांद्यावर हात ठेवला. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. बाबांनी वळून बघितलं, वरपासून खालपर्यंत. म्हणाले, "तू न्हाय." आणि पुन्हा हात चालू. मिस्टर बाथरूममध्ये गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

पाड्यावरही जाऊन आले मी. होय, मी. आत्या काही टोचून बोलली नाही, तिने मला जवळ घेतलं. तिथल्या म्हाताऱ्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, डोंगरातलं असतं तर आम्ही बघितलं असतं, हे लूमचं आहे, आम्हाला लूममधलं काय कळतंय? ते लोक खोटं बोलले नाहीत, याचंच मला बरं वाटलं.

लॉकवाल्याकडून मी दोन्ही कोड काढून टाकले आहेत. संध्याकाळी दार नुसतं लोटलेलं असतं. कोणी खांद्यावर हात ठेवायला आलंच, तर दार अडायला नको. काकू म्हणतात, चोर शिरेल. शिरू दे.

परवा मला राहवलं नाही. बाबांच्या पायाला तेल लावत होते, बोट दाबलं की खड्डा पडतो आणि तसाच राहतो. मी उठले, त्यांच्या मागे गेले आणि खांद्यावर हात ठेवला. त्यांनी वळून बघितलं. या वेळी त्यांनी मला ओळखलं, शंकाच नाही. डोळे अगदी स्वच्छ होते.

मी म्हटलं, "बाबा, मी घेते. तू जा, बस जरा."

त्यांनी माझा हात खांद्यावरून काढला, दोन्ही हातांत धरला आणि उलटसुलट करून बघितला. लहानपणी शाळेत जाण्याआधी नखं बघायचे तसा.

"तुला ह्या लूमवर घालाया शिकवली काय?" ते म्हणाले. रागाने नाही. "तू शिकलेली पोर. जा, घरी जा. अभ्यास कर."

आणि वळून पुन्हा गाठ मारायला लागले.

माझी पदवीची फ्रेम त्याच खिडकीशेजारी आहे, त्यांनीच तिथे लावलेली. मला शिकवलं नसतं, तर आज कदाचित त्यांनी लूम माझ्या हाती दिला असता. हा विचार बरोबर नाही हे मला कळतं. पण येतो.

दुसऱ्या लॉकच्या अ‍ॅपमध्ये त्या गुरुवारी माझाच कोड दिसतो, आणि मी आत बाबांचा हात धरून बसले होते. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी लूमवरचा जुना माणूस असेल, तर त्याला एवढंच विचारून मला कळवा, की जोडीदार मेला आणि बदली कोणी आलाच नाही, तर ड्युटी सोडायची काय रीत होती? काहीतरी असेलच ना. एवढी माणसं कामावर असताना त्यांचे जोडीदार गेले असतील. मी मुकादमाला विचारलं, त्यालाही आठवत नाही.

सध्या मी आणि मिस्टर आलटून पालटून त्यांच्या शेजारी उभे राहतो, म्हणजे त्यांना निदान आमच्यावर भार टाकता येतो. ते टाकत नाहीत.